कुणाच्या लक्षातही न येणारा चांगुलपणा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी कामाच्या ठिकाणी आणि बाहेरही सगळ्यांशी नीट वागतो. सफाई करणाऱ्यांशी दोन शब्द बोलतो, नवीन आलेल्याला सांभाळून घेतो, कुणी आजारी पडलं तर आवर्जून फोन करतो. बरीच वर्षं हे चाललंय. आता वाटतं, कुणालाच त्याचं काही नाही. उलट लोक गृहीत धरतात, आपली कामं माझ्यावर ढकलतात. जगात जे चाललंय त्यापुढे या बारीकसारीक गोष्टींना काय अर्थ आहे? मी दमलोय. हे सोडून द्यावं का?’

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि तो विचारणारी माणसं बहुधा तुमच्यासारखीच असतात, मनाने चांगली आणि आतून चिडलेली. म्हणून आधी प्रश्न नीट मांडून घेते. वरवर तो एकच वाटतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत. लोकांशी रोज चांगलं वागल्याने काही होतं का, हा एक. मी इतका का दमलो, हा दुसरा. परिणाम दिसत नाही म्हणून दमायला होतं, अशी तुम्ही त्यांची सांगड घातली आहे. मला तसं वाटत नाही. परिणाम होतोय, तो तुम्ही उभे आहात तिथून दिसत नाही. आणि दमायला होतंय ते वेगळ्याच कारणाने.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. कामं ढकलणारे वरिष्ठ आहेत की बरोबरीचे, नाही म्हटलं तर नोकरीवर गदा येईल का, घरी कुणाचं मोठं आजारपण चालू आहे का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. शिवाय दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडली असेल, भूक मेली असेल, एरवी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. ‘माझ्या असण्या-नसण्याने कुणाला फरक पडत नाही’ हा विचार नैराश्यात आजाराचं लक्षण म्हणून येतो. तिथे समजावून सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही, उपचारांचा होतो. तसं नसेल असं धरून पुढे लिहिते.

माझ्या कामामुळे मला एक गोष्ट ऐकायला मिळते जी तुमच्या कानावर कधी येणार नाही. ज्यांच्याशी कुणीतरी चांगलं वागलं, त्या लोकांचं बोलणं. वाईट काळाबद्दल माणसं मोकळी बोलायला लागली की त्या हकिकतीत एखादं लांबचं माणूस हटकून येतं. एका बाईंना (तपशील बदलून सांगते) घटस्फोटाच्या दिवसांत कामावर जाणं जिवावर यायचं. घरच्यांनी, मैत्रिणींनी खूप समजावलं होतं. माझ्याजवळ मात्र त्या बोलत राहिल्या इमारतीच्या दाराशी बसणाऱ्या रखवालदाराबद्दल. तो रोज त्यांना नावाने हाक मारायचा, आणि त्या दोन दिवस आल्या नाहीत की ‘दिसला नाहीत’ एवढंच म्हणायचा. कारण विचारायचा नाही. ‘मी आले नाही तर कुणाला तरी कळतं, हे पुरेसं होतं मला,’ असं त्या म्हणाल्या. रखवालदाराला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? ज्या काळात माणसाला आधार लागतो, त्याच काळात आभार मानायचं बळ त्याच्याकडे नसतं. पुढे बरं झाल्यावर तो विषय काढणं अवघड वाटतं. त्या रखवालदाराने तुमच्यासारखाच हिशेब मांडला असता तर त्याच्याही वहीत शून्यच दिसलं असतं.

अशी उदाहरणं मी कितीही देऊ शकते, पण माझ्याकडे येणारी माणसं आधीच अडचणीत असतात, तेव्हा त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलणं बरोबर नाही. म्हणून इतरांनी नीट तपासून पाहिलेलं थोडं सांगते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात एरिक वेसलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या नजरेला नजर द्यायची, किंवा नजर देऊन हसायचं, किंवा तो तिथे नाहीच अशा तऱ्हेने त्याच्या आरपार बघत निघून जायचं. थोडं पुढे दुसऱ्या कुणी त्याला थांबवून विचारायचं, की गेल्या मिनिटभरात तुम्हाला इतरांपासून किती तुटल्यासारखं वाटलं. ज्यांच्या आरपार पाहिलं गेलं होतं, त्यांना ते जास्त वाटलं होतं. घडलं काय होतं, तर ओळखदेख नसलेल्या माणसाची एक नजर मिळाली नव्हती. हा परिणाम क्षणाचा असतो हे खरं. पण काही माणसांचा सगळा दिवस अशाच क्षणांचा असतो. सफाई करणारे, दाराशी बसणारे, सामान पोचवणारे, यांच्या आरपार बघायची आपल्याला इतकी सवय झालेली असते की आपण काही करतोय हेही जाणवत नाही. तुम्ही त्यांच्याशी दोन शब्द बोलता तेव्हा नेमकं काय थांबतं, ते यावरून लक्षात येईल.

दुसरं उदाहरण मला माझ्या कामात फार उपयोगी पडलं. साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतले मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी एक काम हाती घेतलं. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेले, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार नको म्हणालेले ८४३ जण त्यांनी कोणताही निकष न लावता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गटांत विभागले. एका गटातल्या लोकांना पाच वर्षं, वर्षातून किमान चार वेळा, रुग्णालयात त्यांच्याशी बोललेल्या माणसाकडून छोटं पत्र जायचं. तुम्हाला इथून जाऊन बरेच दिवस झाले, तुमचं ठीक चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा, इतकाच मजकूर. औषधं घेताय ना, तपासणीला कधी येताय, असलं काही नाही. सगळे निकाल २००१ साली प्रसिद्ध झाले. पत्रं मिळालेल्या गटात, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, आत्महत्येचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. पुढे असे आणखी प्रयोग झाले आणि त्यांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. त्यामुळे पत्र पाठवलं की जीव वाचतो, असं मी म्हणणार नाही. ते उपचारांची जागाही घेत नाही. पण त्या पत्राच्या घडणीतून शिकण्यासारखं आहे. त्यात वाचणाऱ्याकडे काहीही मागितलेलं नव्हतं, आणि ते पुन्हा पुन्हा येत राहिलं.

म्हणून कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण कोशात गेली असेल आणि फोन उचलत नसेल, तर मी घरच्यांना सांगते की प्रश्न विचारणं थांबवा. ‘कशी आहेस, का बोलत नाहीस’ या प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं, आणि तिच्यात तेवढी ताकद नसते. ‘तुझी आठवण आली. उत्तर द्यायची गरज नाही,’ एवढंच पाठवा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाठवा. उत्तर येत नाही म्हणून घरचे खचतात. बऱ्याचदा खूप उशिरा कळतं की तिने तो प्रत्येक निरोप वाचला होता आणि जपून ठेवला होता.

हे देणाऱ्याला का दिसत नाही, याचंही कारण आहे. आपण कुणाला फोन करतो, कुणाचं कौतुक करतो, तेव्हा आपलं लक्ष आपल्या शब्दांकडे असतं. बरोबर बोललो का, जास्तच झालं का, त्याला विचित्र वाटलं असेल का. ऐकणाऱ्याचं लक्ष तिकडे नसतंच. त्याला एवढंच लागतं, की आपली आठवण काढली गेली. एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स यांनी कौतुकाबद्दल हे पाहिलं. अनोळखी माणसाचं साधं कौतुक केल्यावर त्याला किती बरं वाटेल, याचा करणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच दिवसांत संपर्क नसलेल्या माणसांना निरोप धाडण्याबद्दल अनेक प्रयोग केले, २०२२ साली ते प्रसिद्ध झाले, आणि तिथेही तेच. निरोप जितका अनपेक्षित, तितकं तो मिळालेल्याला जास्त बरं वाटलं, आणि धाडणाऱ्याचा अंदाज तितकाच जास्त चुकला. म्हणजे तुम्ही एखाद्या आजारी माणसाला फोन करून ‘त्याला काही विशेष वाटलं नाही’ असं ठरवता, तेव्हा ते ठरवायला तुम्ही फारसे योग्य नाही. इथे प्रत्येक जण कमीच मोजतो.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या तक्रारीला थेट भिडते. कुणी दखल घेत नाही, असं तुम्ही म्हणता. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परवान्याची परीक्षा देणारे आणि त्यांचे जोडीदार, अशा जोडप्यांचा नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. दोघांनीही रोज स्वतंत्रपणे नोंद करायची, आज आधार दिला का, आज आधार मिळाला का. परीक्षा देणाऱ्याचं मन सर्वांत सावरलेलं कधी होतं? जोडीदार म्हणत होता मी आधार दिला, आणि परीक्षा देणाऱ्याच्या नोंदीत त्याचा पत्ताच नव्हता, तेव्हा. मला यात नवल वाटत नाही. मदत डोळ्यांत भरली की तिच्याबरोबर ‘आपण कमी पडतोय’ ही जाणीवही येते. मदत झालीय हे कळलंच नाही तर काम सोपं होतं आणि मानही राहतो. नवीन आलेल्या माणसाला तुम्ही असं सांभाळून घेतलं असेल की त्याला वाटलं आपणच पटकन रुळलो, तर तो तुमचे आभार मानणार नाही. त्याचं ते न मानणं हीच तुमच्या कामाची पावती समजा.

आता दमण्याकडे येते. इथे मला तुमचं पूर्ण पटतं, फक्त आरोपी चुकीचा धरलाय असं वाटतं.

अशा वेळी मी लोकांना आठवडाभर एक टिपण ठेवायला सांगते. दिवसभरात दुसऱ्यासाठी काय केलं, त्याला किती वेळ गेला, आणि करण्याआधीच्या क्षणी मनात काय होतं, ‘करावंसं वाटतंय’ की ‘नाही म्हटलं तर काय वाटेल’. आठवड्याने ते टिपण समोर ठेवलं की त्याचे सरळ दोन तुकडे पडतात. विचारपूस, नावाने हाक, फोन, कौतुक, कुणासाठी थोडं थांबणं, यांना मिनिटं लागलेली असतात आणि त्यांच्यासमोर बहुतेक ‘करावंसं वाटलं’ असं लिहिलेलं असतं. तास गेलेले असतात ते दुसऱ्याचा अहवाल पूर्ण करून देण्यात, नको असलेली जबाबदारी घेण्यात, तिसऱ्यांदा तेच गाऱ्हाणं ऐकून घेण्यात, आणि त्यांच्यासमोर ‘काय वाटेल’ असतं. हा दुसरा तुकडा चांगुलपणाचा नाही, भिडेचा आहे. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. आपला वेळ, झोप, घरच्यांच्या वाट्याचं लक्ष हे सगळं ती घेऊन जाते. मग माणूस दोन्ही तुकडे एकत्र धरतो आणि म्हणतो, चांगलं वागून दमलो.

मानसशास्त्रात विकी हेल्गेसन आणि हायडी फ्रिट्झ यांनी हा फरक बराच अभ्यासला आहे. इतरांची काळजी घेणं आणि स्वतःला पूर्ण पुसून टाकून इतरांची काळजी घेणं या दोन वेगळ्या प्रवृत्ती आहेत, आणि मनाची ओढाताण दुसरीशी जोडलेली आढळते, पहिलीशी नाही. उलट चांगलं वागणाऱ्यालाही बरं वाटतं का, याचे २७ प्रयोग एकत्र करून २०१८ साली ऑलिव्हर करी आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, तेव्हा परिणाम निघाला, पण लहान ते मध्यम. म्हणजे थोडं बरं वाटतं, आयुष्य पालटत नाही. चांगलं वागा आणि सुखी व्हा अशी हमी कुणी देत असेल, तर त्यावर विसंबू नका.

चिडण्याचं अजून एक मूळ असतं, मनातल्या मनात ठेवलेली उधारी. मी त्याच्यासाठी एवढं केलं, माझ्या वेळी तो येईल, असं आपण धरून चालतो आणि त्याला कधी सांगत नाही. तो आला नाही की आपण दुखावतो. पण आपल्यावर कर्ज आहे हेच त्याला माहीत नव्हतं. परतफेड हवी असेल तर ती मागण्यात काही गैर नाही, फक्त आधी आणि उघडपणे मागावी: ‘आज मी तुझं काम करतो, शुक्रवारी तू माझं कर.’ हा व्यवहार झाला आणि व्यवहार वाईट नसतो.

नाही कसं म्हणायचं, यावर लोक सगळ्यात जास्त अडतात. बरोबरीच्या माणसाला ‘आज मला जमणार नाही’ एवढं वाक्य पुरतं. कारण जोडू नका, कारण दिलं की समोरचा त्यातून वाट काढून देतो आणि तुम्ही अडकता. वरिष्ठ असेल तर थेट नकार देण्याऐवजी निवड त्यांच्यावर सोपवा: ‘हे आज घेतलं तर ते उद्यावर जाईल, आधी कोणतं करू?’ पहिले काही दिवस अपराधी वाटेल. ते वाटणार हे धरूनच चाला, आणि ते वाटलं म्हणून शब्द मागे घेऊ नका. काही माणसं दूर जातील. जी फक्त कामासाठी जवळ होती, ती.

नकार देणं हे चांगुलपणाच्या विरुद्ध नाही, त्याच्यासाठी जागा करणं आहे. प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे बोलायला पाठवलं होतं, आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. काहींना तर अडलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्याच्या बायबलमधल्या दृष्टान्तावरच बोलायचं होतं. कोण थांबलं? हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के. उशीर झालाय असं सांगून घाईत पाठवलेल्यांपैकी फक्त १० टक्के. कशावर बोलायचंय याने तितका फरक पडला नाही, घाईने पडला. तुम्ही सगळ्यांची कामं अंगावर घेऊन दिवस गच्च भरता, तेव्हा सगळ्यात आधी हीच दोन मिनिटं जातात. आणखी काही महिने असंच चाललं तर सफाई करणाऱ्याशी बोलणं तुम्ही ठरवून सोडणार नाही, ते आपोआप सुटेल.

जगाच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. सफाई करणाऱ्या माणसाचा पगार थकला असेल तर त्याला तुमच्या दोन शब्दांपेक्षा पगार हवा आहे, आणि तुमचा आवाज तिथे चालत असेल तर तो वापरा. गोड बोलणं हा न्यायाला पर्याय नाही. पण म्हणून बारीकसारीक वागण्याला वजन नाही असंही नाही. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या २४ पथकांवर अरिये रिस्किन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, २०१५ साली तो आला. सराव म्हणून एका कृत्रिम प्रसंगात बाळावर उपचार करायचे होते. काही पथकांना बाहेरच्या एका तज्ज्ञाची उद्धट शेरेबाजी ऐकावी लागली. त्यांचं निदान आणि हातातलं काम दोन्ही घसरलं. एकमेकांना माहिती सांगणं आणि मदत मागणं कमी झालं, हे त्यामागचं एक कारण होतं. अपमान झालेला माणूस विचारायला कचरतो. तुमच्या कामाच्या ठिकाणी एखादा नवीन मुलगा न घाबरता ‘मला हे कळलं नाही’ म्हणू शकत असेल, तर त्यामागे तुमच्यासारख्या कुणाचं तरी वागणं असतं.

एक सावधगिरी. जो माणूस तुम्हाला दुखावतो, धमकावतो, वापरून घेतो, त्याच्याशी मऊ वागणं हे तुमचं कर्तव्य नाही. तिथे अंतर ठेवा. आणि न मागितलेला सल्ला, चारचौघांत केलेली मदत, यांतून समोरचा ओशाळतो. शंका आली तर एकांतात विचारा: ‘काही करू का, की फक्त ऐकू?’

तेव्हा सोडून द्यायचं असेल तर टिपणाचा दुसरा तुकडा सोडा, पहिला ठेवा. त्याबरोबर आठवड्यातून एकदा तरी कुणाकडे तरी लहानशी मदत मागा. तुमच्यासारख्यांना हे सर्वांत जड जातं, म्हणून मुद्दाम सांगते. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ साली दाखवलं, की मदत मागणारे समोरचा हो म्हणेल याची शक्यता प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी धरतात. ज्याला कधी काही मागितलंच नाही, त्याने आपल्यासाठी काही केलं नाही ही तक्रार थोडी लवकर होते. हे महिनाभर करून बघा. कामं नाकारली, झोप नीट झाली, आणि तरीही सगळं निरर्थकच वाटत राहिलं, तर आणखी वाट पाहू नका, जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. वेळ घेणंही अंगावर आलं तर घरातल्या कुणाला तरी सांगा की माझ्यासाठी फोन कर.